गिरिजाबाईंच्या नावावर

मी तेव्हा विम्याचा एजंट होतो, आणि प्रामाणिक एजंट होतो असं मी स्वतःच म्हणत असे. दुसरं कोणी म्हणाल्याचं आठवत नाही. सोलापुरात साखर पेठेतल्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची एक खोली होती. आमची म्हणजे माझी आणि माझ्या थोरल्या बहिणीची, बजाबाईची. मी तिला अक्का म्हणे. लग्नानंतर चार वर्षांनी नवऱ्याने तिला मोहोळला आमच्या बापाच्या दारात आणून सोडलं आणि तो पुन्हा फिरकला नाही. आईबाप गेल्यावर ती मला घेऊन सोलापुरात आली आणि टॉवेलांच्या कडा शिवून शिवून तिने मला मॅट्रिक केलं. नवरा कुठेतरी जिवंत आहे एवढ्यावर ती रोज आंघोळ झाली की रुपयाएवढं कुंकू लावी. मला त्या कुंकवाचा राग येई. तिला कशाचाच येत नसे.

आमच्या समोरच्या घरात गिरिजाबाई राहत. नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, अठ्ठावन्न वर्षांच्या, विधवा. मी चौथीत त्यांच्या हातचा मार खाल्लेला, त्यामुळे चाळिशीला टेकलो तरी त्यांच्यापुढे मी कुंडलिक आणि त्या बाई. त्यांचे यजमान देवळात पूजेला असत. नेपाळातल्या मुक्तिनाथाला पायी जाऊन यायचं असं त्यांनी बोलून ठेवलं होतं आणि ते राहून गेलं होतं. ते आता बाईंनी आपल्या अंगावर घेतलं होतं. वर्षभर त्या रोज पहाटे अनवाणी अक्कलकोट रोडने चार मैल जाऊन चार मैल येत होत्या. पंचाहत्तर सालच्या गुढीपाडव्यानंतर वेणीमाधवपंतांच्या यात्रेबरोबर निघायचं ठरलं होतं. बाईंना दुसरं काही नको होतं. एवढं चालून झालं की मी मोकळी, असं त्या म्हणत.

नेपाळ म्हणजे काय लांब असं कुणालाही वाटेल. पण आमच्या कंपनीच्या लेखी तो परदेश होता. गोरखपूरपर्यंत आगगाडी, पुढे पोखऱ्यापर्यंत बस, आणि तिथून आठ-नऊ दिवस डोंगरातून पायी. परत यायलाही तितकेच. आदल्या वर्षी वेणीमाधवपंतांच्या यात्रेतल्या एका गृहस्थाचं खुब्याचं हाड मोडलं आणि हमालांनी त्याला पाठीवरच्या टोपलीत घालून सहा दिवस खाली आणला. घरच्यांनी पंतांना नको नको ते ऐकवलं. पंत रेल्वेतून निवृत्त झालेले, नियमाचे माणूस. त्यांनी या खेपेला जाहीर केलं की ज्याच्याजवळ प्रवासातल्या अपघाताचा आणि आजारपणाचा विमा नाही, त्याने स्टेशनवर येऊच नये. बावीस माणसांचे फॉर्म माझ्याकडे आले. वर्षात एवढं काम मी कधी एकदम पाहिलं नव्हतं, तेव्हा मी हवेत होतो.

एकवीस फॉर्म सुरळीत झाले. अडला तो बाईंचा. पन्नाशीपुढच्या माणसाला कंपनीच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावं लागे, आणि बाईंनी संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवशी संकल्प सोडला होता: मुक्तिनाथाच्या धारांखाली आंघोळ होईपर्यंत कडक सोवळं. स्वतःच्या हातचं शिजवलेलं खायचं, परक्याचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. डॉक्टरांचा हात नाही, नळी नाही, तो दंडाला बांधायचा पट्टा तर नाहीच नाही. मी त्यांना विचारलं की आगगाडीत काय करणार, तिथे तर मांडीला मांडी लागते. तर त्या म्हणाल्या, "प्रवासात कुणाचा धक्का लागला तर तो देवाने लावलेला. डॉक्टरचा हात मी मागून घेतलेला. दोन्ही सारखे कसे होतील, कुंडलिक?"

मी चौथीतही त्यांच्यापुढे बोललो नव्हतो.

ओळखीच्या डॉक्टरकडून न तपासताच दाखला आणावा, असं दुसऱ्या कुणी केलं असतं. मला ते खोटं वाटलं. मी म्हटलं, तपासणी तर खरी झाली पाहिजे. आणि मग मला जे सुचलं ते मला त्यापेक्षा बरं वाटलं, याचं आज मला हसूही येत नाही. बाईंची प्रकृती ठणठणीत होती, अक्काचीही ठणठणीत होती. वयाने दोघी जवळपास सारख्या. अक्का जन्मात कधी डॉक्टरकडे गेली नव्हती, खालच्या नळावरून दोन घागरी एका दमात वर आणत होती. एका धडधाकट बाईऐवजी दुसरी धडधाकट बाई बसली तर कंपनीचं काय बिघडलं?

अक्का लगेच तयार झाली. बाईंचं पुण्य थोडं आपल्यालाही लागेल म्हणाली. अडचण फक्त एक होती. फॉर्मवर विधवा लिहिलेलं होतं. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी, डॉक्टरांकडे निघायच्या वेळी, मी तिला म्हटलं की तेवढं कपाळ पुसून घे. ती दारात थांबली. माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं. मग तिने पदर ओला करून कुंकू पुसलं आणि जिना उतरली.

डॉ. हिरेमठ त्या वेळी सोलापुरात काळजाचे म्हणून नाणावलेले. आमच्या कंपनीची तपासणीही तेच करत. मी बाहेर बाकावर बसलो होतो. आतून अक्काचा आवाज आला. दम लागतो का, असं त्यांनी विचारलं असावं. "जिना चढल्यावं दम कुनाला लागत न्हाय?" ती म्हणत होती. मग त्यांनी अक्काला बाहेर बसवून मला आत बोलावलं.

ते म्हणाले की मी या फॉर्मवर सही करणार नाही. गिरिजाबाईंच्या काळजाची एक झडप आवळत चालली आहे, बहुतेक लहानपणच्या सांध्यांच्या तापातून. डोंगर तर दूरच, यांनी जिनासुद्धा दिवसातून एकदाच चढावा. ओझं उचलायचं नाही, चुलीपुढे बसायचं नाही, मीठ तोडायचं, गोळ्या आजपासून सुरू करायच्या. "या तुमच्या कोण लागतात?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, शेजारी. "मग यांच्या घरच्यांना आजच सांगा. उशीर करू नका."

घरचा मीच होतो.

बाहेर आल्यावर अक्काने विचारलं, काय म्हणाला डॉक्टर. माझ्या हातात गोळ्यांची चिठ्ठी होती, ती मी घडी करून खिशात घातली आणि म्हणालो, पास. ती खूश झाली. टांग्यात बसल्यावर म्हणाली, "बाईंचं काळीज माज्या जिवावं पास झालं की रं!" आणि घरी येऊन आधी आरशापुढे उभी राहून कुंकू लावलं.

त्या दिवशी संध्याकाळी सांगीन, असं मी ठरवलं होतं. हे मी आज स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही, खरंच ठरवलं होतं. पण विचार करायला बसलो आणि तिथेच घसरलो. अक्काच्या पोटात काही राहत नसे. तिला कळलं की तासाभरात बाईंना कळणार, आणि आपल्या नावाने दुसरी बसली हे कळलं की बाई यात्रा रद्द करणार. खोट्या कागदावर त्या देवाला गेल्या नसत्या. औषध सुरू करायचं तर हिरेमठांकडेच जावं लागणार, आणि त्यांच्या वहीत तर ही गिरिजाबाई. तिथे उलगडा झाला की कंपनीला कळणार आणि माझी एजन्सी जाणार. शेवटचं कारण मी सगळ्यांत खाली ठेवलं होतं. आज सांगतो, ते सगळ्यांत वर होतं.

म्हणून मी म्हटलं, यात्रा निघेपर्यंत थांबू. महिन्याभराचा तर प्रश्न. इतकी वर्षं चाललं, एका महिन्यात काय होतंय. बाईंसाठी कंपनीच्याच यादीवरच्या बार्शीच्या एका डॉक्टरचा दाखला आणला, न तपासता दिलेला, म्हणजे ज्याला मी खोटं म्हणत होतो तोच. बाईंना सांगितलं की सोवळ्यामुळे खास सवलत मिळाली. पुण्याहून पॉलिसी आली. ती मी लांबूनच त्यांच्या ओट्यावर ठेवली, त्यांनी तिच्यावर तुळशीपत्र ठेवून ती उचलली.

त्यात मीच केलेली एक गोष्ट आता अंगावर आली. यात्रेकरूंच्या शिदोरीचं काम मी पंतांकडून आधीच अक्कासाठी मिळवून ठेवलं होतं. आमच्याकडची ज्वारीची कडक भाकरी महिनाभर टिकते. तशा सहाशे भाकरी आणि अर्धा मण शेंगांची चटणी. अक्का तीन आठवडे चुलीपुढे बसली. सकाळी भाकरी थापायची, त्या तव्यावरून काढून निखाऱ्यांपुढे उभ्या करून कडक करायच्या, दुपारी शेंगा भाजायच्या आणि उखळात कांडायच्या. जिन्याखालच्या उखळाचा आवाज वर यायचा. आधी सलग यायचा, मग मध्ये मध्ये थांबायला लागला. थांबला की मी कान देऊन बसे. पुन्हा सुरू झाला की बरं वाटे. खाली जाऊन मुसळ मी हातात घेतलं नाही. एकदा घेतलं, तर ती हसली आणि म्हणाली की गड्यामाणसानं कांडलेली चटणी कुणी खाईल का, आणि काढून घेतलं. तिने काढून घेतलं याचं मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

"अक्का, जरा दमानं घे," एवढंच मी रोज म्हणत होतो.

"तुला कवापासनं माजी काळजी लागली?" ती म्हणे. संध्याकाळी तिची पावलं सुजत. चुलीची आच बाधली, असं ती समजे. ती चिठ्ठी माझ्या आतल्या खिशात होती. सदरा बदलला की मी ती काढून नव्या सदऱ्यात घालत असे.

पाडव्यानंतर चौथ्या दिवशी यात्रा निघाली. स्टेशनवर भाकरीचे डबे चढवायला अक्का सगळ्यांच्या पुढे. बाईंनी तिला लांबूनच हात जोडले आणि म्हणाल्या की परत आल्यावर पहिली मिठी तुला. गाडी हलली. आता सांगायचं, असं मी मनाशी म्हटलं आणि घरी पोचेपर्यंत दुसरं कारण तयार झालं. बाई डोंगरात असताना त्यांना काही झालं, तर कंपनी चौकशी करणार, हिरेमठांनाही विचारणार. बाई सुखरूप परत येईपर्यंत तरी थांबायला हवं. वाटेतली तीर्थं धरून आणखी पंचेचाळीस दिवस. अक्काला मिरजेच्या मोठ्या इस्पितळात नेता आलं असतं. तिथे तिला तिच्या नावाने तपासता आलं असतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मिरजेला का, असं तिने विचारलं असतं, आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं. म्हणून मी तिला कुठेच नेलं नाही. घागरी तेवढ्या मी आणू लागलो, पण मी फॉर्म घेऊन गावोगाव जाई तेव्हा तीच आणी.

वैशाखात एके दिवशी सकाळी मी गावाला निघायला कपडे करत होतो आणि जिन्यात घागर गडगडत खाली गेल्याचा आवाज आला. अक्का वरच्या पायरीवर बसली होती. ओठ काळेनिळे, श्वास आत जाईना. शेजाऱ्यांनी उचलून तिला टांग्यात घातली. दोन मिनिटांनी तिला बोलता आलं तेव्हा तिने विचारलं, "त्येच डॉक्टरकडं चाललाय न्हवं?"

मी मान हलवली. आता दुसरीकडे कुठे जाणार होतो?

तिने पदराचं टोक तोंडात घेऊन ओलं केलं आणि कुंकू पुसलं. मला पुसायला सांगावं लागलं नाही.

डॉ. हिरेमठांनी तिला आडवी केली, सुई दिली, तासाभराने तिचा श्वास जाग्यावर आला. मग त्यांनी वही काढली आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली. ते रागावले होते. "गिरिजाबाई, नेपाळला गेला नाहीत ते बरं केलंत," ते म्हणाले. "पण गोळ्या एकही घेतलेली दिसत नाही. मी यांना त्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. जिना नाही, ओझं नाही, चूल नाही. झडप खराब आहे म्हणून सांगितलं होतं. दोन महिने तुम्ही काय करत होता?"

अक्काने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होतो. तिचं पाहणं मला कळत होतं आणि मी कॅलेंडरवरचे वार वाचत होतो. मला वाटलं, आता ही बोलेल. बोलावं असंही वाटलं. म्हणजे मला बोलावं लागणार नाही.

"व्हय डॉक्टर," अक्का म्हणाली. "यानं सांगितलं हुतं. मीच ऐकलं न्हाय."

डॉक्टरांनी तिला आणखी पाच मिनिटं झापलं. ती पडल्या पडल्या ऐकून घेत होती, मध्ये मध्ये चुकलं म्हणत होती. मी उभा होतो. एवढी शरम मला आयुष्यात वाटली नाही, आणि तरीही मी तोंड उघडलं नाही.

बाहेर पायरीवर टांग्याची वाट पाहत बसलो तेव्हा तिने विचारलं, "शिवरातीच्या आदल्या दिशीच कळलं हुतं तुला?"

"व्हय, अक्का."

"म्हंजे भाकरीच्या आदी."

"व्हय."

मग ती म्हणाली की घागर चेपली असंल, कल्हईवाल्याकडं टाक. मी तिचे पाय धरायला वाकलो तर तिने पाय आखडून घेतले. रागाने नाही, रस्त्यावर लोक बघत होते म्हणून. पण मला ते पुरलं.

बाई सुखरूप आल्या. अठरा दिवस चालून आल्या, चेहरा रापलेला, अंगात नवं बळ आलेलं. तांब्याच्या बंद गडूतून मुक्तिनाथाचं पाणी आणलं होतं. संकल्प पुरा झालेला, तेव्हा सरळ आमच्या खोलीत आल्या आणि अंथरुणावरच्या अक्काला मिठी मारली. हिला झालं तरी काय, असं त्या मला विचारत राहिल्या. मी अक्काकडे पाहिलं. जिच्या पोटात काही राहत नव्हतं ती म्हणाली, वय झालं की. त्यानंतर सहा महिने ती बाईंशी रोज बोलली, पण ही एक गोष्ट तिने बाहेर येऊ दिली नाही.

डॉक्टर महिन्यातून एकदा घरी येत, कारण तिला आता जिना उतरवायचा नव्हता. ते यायच्या दिवशी बाईंना काही ना काही काम सांगून मी बाहेर पाठवी. आणि अक्का ते यायच्या आधी कुंकू पुसून बसे. ते गेले की लावी. मी कधी तिला म्हणालो नाही की राहू दे, मी सांगतो त्यांना खरं. दर महिन्याला म्हणणार होतो.

कार्तिकात एका सकाळी ते तपासून गेले आणि दुपारी अक्काने पाणी मागितलं. मी भांडं घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. निरोप धाडला तसे डॉक्टर परत आले, दोन जिने चढून. बाई उशाशी बसून तिच्या तोंडात मुक्तिनाथाचं पाणी घालत होत्या. डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, मग खिडकीशी बसून दाखल्याचा कागद काढला.

"गिरिजाबाई," ते लिहिता लिहिता पुटपुटले, "पुढचं नाव काय?"

"काय म्हणालात, डॉक्टर?" बाईंनी उशाकडून विचारलं.

डॉक्टरांनी वर पाहिलं. बाईंकडे, मग अक्काकडे, मग माझ्याकडे. माझ्या जिभेवर उत्तर आलंही होतं. शेजारणीचं नावही तेच आहे, असं. गुळगुळीत, तयार. तेवढ्यात माझी नजर अक्काच्या कपाळाकडे गेली. सकाळी डॉक्टर येणार म्हणून तिने पुसलेलं, आणि परत लावायचं त्राण तिला राहिलं नव्हतं. कपाळ कोरं होतं.

मी सांगितलं. उभ्या उभ्या, पहिल्यापासून. सोवळं, फॉर्म, दारात थांबलेली अक्का, खिशातली चिठ्ठी, भाकरी. डॉक्टरांनी तो कागद फाडला आणि दुसरा घेतला.

"नाव?"

"बजाबाई."

"विधवा?"

"नाही."

एवढंच त्यांनी विचारलं आणि लिहिलं. बाई उठल्या. मला वाटलं, घरी निघाल्या. त्या कोनाड्यापाशी गेल्या, अक्काचा कुंकवाचा करंडा काढला आणि माझ्यापुढे धरला.

"पुसायला तू लावलंस," त्या म्हणाल्या. "आता तूच लाव."

मी गुडघ्यावर बसलो आणि लावलं. ती लावायची तसं रुपयाएवढं, गोल, काही मला जमलं नाही.